ज्याओझ करायला बोलावलंय, पण मी शाकाहारी आहे

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे बार्शीचे. मिस्टरांच्या नोकरीमुळे सध्या उत्तर चीनमध्ये त्यांजिनला राहतो. खालच्या मजल्यावर साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत, मी त्यांना मावशीच म्हणते. लिफ्टमध्ये ओळख झाली, मग त्या माझ्या मुलीला खाऊ द्यायला लागल्या, आता तर भाजी आणायलाही आम्ही बरोबर जातो. भाषेचं मोबाइलवरच्या भाषांतरावर भागतं. डिसेंबरात त्यांच्याकडच्या एका सणाला त्यांनी आम्हा तिघांना घरी बोलावलं आहे. त्यांची लेक आणि जावईही येणार आहेत. सगळे मिळून ज्याओझ (कणकेच्या पारीत सारण भरून उकडलेल्या करंज्या) करू आणि जेवू, असं त्या म्हणाल्या. अडचण अशी, की मी शाकाहारी आहे, फक्त अंडं खाते. मिस्टर चिकन, मासे खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. इथे तर बघावं त्यात पोर्क. नाही म्हटलं तर मावशी दुखावतील, हो म्हटलं तर मी खाऊ काय? सासूबाई फोनवर म्हणतात, त्यांच्या भांड्यांत कशाला जेवायचं, काहीतरी सांगून टाळ. मिस्टर म्हणतात, पोटदुखीचं निमित्त करू आणि नुसतं बसून येऊ. मला मात्र मनापासून जायचंय. काय करू? जाताना काय नेऊ? मला मंचुरियन छान येतं, तेच करून नेलं तर चालेल का?
– एक वाचक, त्यांजिन

उत्तर :

जायचं. टाळायचं नाही, आणि पोटदुखीचं निमित्त तर अजिबात करायचं नाही. पोट दुखतंय म्हणालात तर मावशी तुम्हाला तशा बसू देणार नाहीत. गरम पाण्याचा पेला हातात येईल, तुमच्यासाठी वेगळी तांदळाची पेज शिजायला लागेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तब्येत विचारायला दारात उभ्या असतील. शिवाय निमित्त एकदाच चालतं. ज्यांच्याबरोबर तुम्ही भाजी आणायला जाता, त्यांना तुमच्या पिशवीत काय असतं आणि काय नसतं हे आज ना उद्या कळणारच आहे.

हे बोलावणं केवढं आहे, ते आधी सांगते. चीनमध्ये मान द्यायच्या पाहुण्याला बहुधा हॉटेलात नेतात. मोठं गोल टेबल, त्यावर फिरती काच, एकामागून एक येणाऱ्या डिश. घरी बोलावणं त्यापेक्षा जवळिकीचं, आणि ज्याओझ करायला बोलावणं म्हणजे घरच्या माणसांत धरणं. हा पदार्थ एकट्यानं रांधायचा नसतोच. कुणी कणीक तिंबतं, कुणी लाटतं, बाकीचे भोवती बसून भरतात आणि तोंडं चालू असतात. सण बहुतेक दोंगझ असणार. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. उत्तर चीनमध्ये त्या दिवशी ज्याओझ हवेतच. पूर्व हान राजवटीच्या काळात झांग झोंगजिंग नावाचे थोर वैद्य होऊन गेले. थंडीनं कान फुटलेल्या गोरगरिबांना पाहून त्यांनी मेंढीचं मांस आणि औषधी मसाले कणकेच्या पारीत कानाच्या आकारात भरले आणि सगळ्यांना उकडून खाऊ घातले, अशी आख्यायिका आहे. म्हणून तुमच्या मुलीला तिथे कुणीतरी नक्की सांगणार, की आज ज्याओझ खाल्ले नाहीस तर कान गळून पडतील. आधीच कानावर घालून ठेवा, म्हणजे घाबरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही मांस खात नाही याचं मावशींना वाईट वाटणार नाही. त्यांना वाईट वाटेल ते सकाळपासून राबून केलेलं जेवण टेबलावर मांडल्यावर तुम्ही हात आखडता घेतलात तर. म्हणून सांगायचं ते आज, आमंत्रणाला आठ-दहा दिवस असताना. आणि नुसतं ‘शाकाहारी’ एवढं सांगून भागायचं नाही.

मावशींना शाकाहार नवा नाही. बौद्ध वळणाच्या घरांत कितीतरी वयस्क बायका चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात. पण रोजच्या स्वयंपाकात हिशेब साधा असतो: मांसाचे तुकडे दिसत नाहीत, म्हणजे भाजी झाली. ती भाजी डुकराच्या चरबीवर परतलेली असू शकते. तिच्यात ऑयस्टर सॉस असू शकतो, म्हणजे कालवांचा अर्क. चवीसाठी चिमूटभर चिकन पावडर टाकणं तर मीठ टाकण्याइतकं अंगवळणी पडलेलं असतं. आणि तुमच्या दृष्टीनं सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे शियापी, आपल्याकडच्या सुकटीसारखी सुकवलेली बारीक कोळंबी. अंडं आणि जिउत्साय (चपट्या पानांची, लसणाच्या वासाची पात) घातलेले ज्याओझ तुम्हाला अगदी चालण्यासारखे आहेत, पण त्यातही पुष्कळ घरांत मूठभर शियापी टाकतात. ती इतकी बारीक असते की तोंडात गेल्यावरच कळते. यात कुणाचा दोष नाही. मावशी तिला मांस समजतच नाहीत, मसाला समजतात. म्हणून एकेक नाव घेऊन सांगावं लागेल.

मिस्टरांच्या बाबतीत वेगळीच गंमत होऊ शकते. त्यांजिनमध्ये हुई मुसलमानांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे पोर्क न खाणारा माणूस तिथे कुणाला विचित्र वाटत नाही. पण पोर्क नको एवढंच सांगितलंत तर मावशी सरळ हुई लोकांचा हिशेब लावतील आणि मोठ्या प्रेमानं बीफचं सारण करतील. तेव्हा बीफचं नाव स्पष्ट घ्या. आणि त्यांनी ‘तीन चवींचं’ सारण करते म्हटलं, तर त्यात अंडं, कोळंबी यांच्याबरोबर बहुतेक वेळा पोर्कही असतं, हे लक्षात असू द्या. पोर्क वगळून अंडं, कोळंबी आणि जिउत्साय घातलेलं सारण मिस्टरांसाठी उत्तम.

मजकूर मी लिहून देते. वाक्यं मुद्दाम तोकडी ठेवली आहेत, म्हणजे भाषांतरात घोळ होणार नाही:

‘मावशी, तुमच्याकडे यायला आम्हाला फार आवडेल. खाण्याबद्दल आधीच सांगते. मी कोणतंही मांस खात नाही. मासे आणि कोळंबी खात नाही. डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर आणि शियापी मला चालत नाही. अंडं, टोफू, सगळ्या भाज्या, कांदा, लसूण चालतं. माझे पती चिकन, मासे आणि कोळंबी खातात. पोर्क आणि बीफ खात नाहीत. ही आमची लहानपणापासूनची सवय आहे. त्यांजिनमध्ये नववर्षाला शाकाहारी ज्याओझ करतात असं कळलं. ते सारण मला शिकवाल का? सामान मी आणते आणि लवकर येऊन मदत करते.’

हे वीचॅटवर पाठवा. त्याआधी चिनी झालेला मजकूर उलट मराठीत किंवा इंग्रजीत फिरवून बघा. मावशींच्या लेकीशी ओळख असेल तर तिलाही पाठवा. तरुण मंडळी असल्या याद्या पटकन समजतात आणि आईला नीट समजावून सांगतात. ॲलर्जी आहे असं सांगायचा सल्ला कुणी देईल, तो मानू नका. ॲलर्जी म्हटलं की लोक घाबरतात, प्रत्येक घासाला तुमच्याकडे बघत बसतात. लहानपणापासूनची सवय हे कारण खरं आहे आणि पुरेसं आहे.

या मजकुरातल्या शेवटच्या विनंतीवर, म्हणजे सारण शिकवण्याच्या, माझा सगळा भर आहे. तुमच्या त्यांजिनची ही खास प्रथा आहे, आणि तुम्ही नेमक्या त्याच शहरात राहता हे नशीबच म्हणायचं. बाकीच्या उत्तर चीनमध्ये नववर्षाचे ज्याओझ बहुतेक मांसाचे असतात. त्यांजिनमध्ये मात्र चांद्र नववर्ष लागताना शाकाहारी ज्याओझ खातात, येणारं वर्ष निर्मळ, बिनकटकटीचं जावं म्हणून. त्या सारणात मुगाचे मोड असतात, चिनी कोबी असतो, सुका घट्ट टोफू, मुगाच्या पिठीचे पापुद्रे, कानाच्या पाळीसारखी काळी अळंबी आणि भरपूर कोथिंबीर. हे सगळं बांधून आणतात दोन गोष्टी: तिळाची दाट पेस्ट आणि लाल आंबवलेला टोफू. तो टोफू खारट, थोडासा आंबूस आणि उग्र असतो, चमचाभर पुरतो. (तो मुरवताना बहुधा तांदळाची दारू वापरतात. तुम्हाला ते चालणार नसेल तर वगळायला सांगा, नुसत्या तिळाच्या पेस्टवरही सारण छान लागतं.)

बघा, आता बोलणं कुठल्या कुठे गेलं. ‘मला तुमचं जेवण चालत नाही’ इथून सुरू झालेली गोष्ट ‘तुमच्या गावची खासियत मला शिकवा’ इथे आली. दोंगझला नववर्षाचं सारण कसं करायचं, असं मावशी म्हणतील कदाचित, पण साठीच्या बाईला तिच्या आईच्या हातचं सारण कुणी शिकव म्हटलं की ती नाही म्हणत नाही. चिनी घर असो की बार्शीचं.

तिकडे गेल्यावर सोफ्यावर बसायचं नाही. जेवण सहाला असेल तर तुम्ही तीन-चारलाच खाली उतरा. मुलीलाही न्या. स्लिपर दारातच मिळतील, बूट काढून त्या घालायच्या. मग सरळ बाह्या सरसावून स्वयंपाकघरात.

तिथे तुमचं अडणार नाही. ज्यांना करंजी मुरडता येते त्यांना ज्याओझ भरायला शिकवावं लागत नाही. आकार तोच, मुरड तेवढी पारीच्या एकाच बाजूला पाडतात. शिकण्यासारखं आहे ते लाटणं. आपण पोळी किंवा पुरी सगळीकडून एकसारखी लाटतो. ज्याओझची पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ हवी. मी उत्तर चीनमध्ये राहत होते तेव्हा शेजारच्या बाईंचे हात बघत राहायची. लाटणं वीतभर लांबीचं, दोन्ही टोकांना सारखंच, उजव्या तळव्याखाली आडवं. डाव्या हाताच्या बोटांत लाटीची कड धरलेली. लाटणं काठावरून आत जायचं, मध्यापर्यंत पोहोचायच्या आत मागे फिरायचं, आणि तेवढ्यात डावा हात लाटी जराशी फिरवायचा. आत, मागे, फिरव. एका पारीला चार-पाच सेकंद, आणि त्या बाईंचं लक्ष सगळं बोलण्यात. मध्यभाग जाड ठेवायचा कारण सारणाचा भार आणि उकळत्या पाण्याचा मारा तिथे बसतो. कडा पातळ, कारण मिटल्यावर त्या दुहेरी होतात आणि जाड राहिल्या तर कच्च्या लागतात. पहिल्या दिवशी हे जमलं नाही तरी पोळपाटावर हात चालणारी पोर मावशींना लगेच ओळखू येईल.

कणीक म्हणजे तिथला साधा गव्हाचा मैदा आणि गार पाणी. अर्धा किलोला साधारण पाव लिटर पाणी, तेल-मीठ काही नाही, मळून अर्धा तास झाकून ठेवायची. जिउत्सायचं सारण करताना मावशी काय क्रमानं करतात ते नीट बघून ठेवा. अंडं आधी तेलात मोकळं परतून पूर्ण गार करतात. चिरलेल्या पातीला प्रथम तिळाचं तेल चोळतात आणि मीठ अगदी शेवटी, भरायला बसताना घालतात. मीठ आधी पडलं तर पातीला पाणी सुटतं आणि पाऱ्या फाटतात. कोबीचं उलट: त्याला आधी मीठ लावून, पिळून, पाणी काढूनच टाकायचं.

आणि भरताना तुमचे ज्याओझ वेगळ्या मुरडीचे करा, किंवा वेगळ्या ताटात ठेवा. सगळ्यांचे एकाच ताटात गेले की उकडल्यावर ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाहीत.

इथेच सासूबाईंचा मुद्दा येतो, आणि तो मी उडवून लावणार नाही. त्यांच्या वळणात भांड्यांचं महत्त्व आहे, आणि दूरदेशी असलेल्या सुनेची काळजीही त्यात आहे. ज्याओझ मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात शिजवतात, घाण्यावर घाणे त्याच पाण्यात पडतात. म्हणून मावशींना एकच विनंती करा: शाकाहारी ज्याओझ सगळ्यांत आधी, ताज्या पाण्यात शिजवायचे. ही विनंती कुणालाही मोठी वाटणार नाही. तेवढ्यानं तुमचं समाधान होणार नसेल, तर तुमचं एक मध्यम पातेलं आणि झारा घेऊन जा. मदतीचं सामान म्हणून ते सहज खपेल, सणाच्या दिवशी स्वयंपाकघरात पातेली कमीच पडतात. पण हे समाधान तुमचं असायला हवं. जेवणार तुम्ही आहात. धुतलेल्या भांड्यात शिजलेलं तुम्हाला चालतं की नाही, हे तुम्ही स्वतःला विचारून ठरवा आणि मग सासूबाईंना खरं तेच सांगा. जाऊन यायचं आणि गेलोच नाही म्हणायचं, असं करू नका. मला वाटतं, फोनवर त्यांना मुगाच्या मोडांचं आणि तिळाच्या पेस्टचं सारण कसं झालं ते सविस्तर सांगितलंत तर त्या पुढचा प्रश्न भांड्यांबद्दल नाही, प्रमाणाबद्दल विचारतील.

शिजवताना एक बारकावा. पाणी खळखळत असताना ज्याओझ सोडायचे आणि झाऱ्याच्या पाठीनं तळापासून हलकेच एका दिशेनं ढकलायचे, नाहीतर बुडाला चिकटतात. वर तरंगले, पाणी पुन्हा उसळलं की वाटीभर गार पाणी ओततात. मांसाच्या सारणाला असं तीनदा करतात. शाकाहारी सारण आधीच शिजलेलं किंवा कोवळं असतं, त्याला एकदा-दोनदा पुरे. जेवणाच्या शेवटी ज्याओझ शिजवलेलं तेच पांढुरकं पाणी वाडग्यात घालून प्यायला देतात. पचनाला चांगलं असं मानतात. तुमचा वाडगा पहिल्या घाण्याच्या पाण्यातून आधीच काढून ठेवायला सांगा, हे हमखास राहून जातं.

टेबलावरच्या रीतिभातींचं फार ओझं घेऊ नका. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं ते दिसतं. घरातल्या मोठ्या माणसानं पहिला घास घेतल्यावर आपण सुरुवात करायची. मुलीसाठी बेलाशक चमचा मागा.

आग्रह मात्र होणार, आणि आपल्या पंगतीतल्या आग्रहाला हार जाणार नाही असा. मावशी स्वतः उचलून तुमच्या वाडग्यात घालतील. इथे आपली शिकवण आडवी येते. पानात टाकायचं नाही म्हणून आपण वाडगा चाटून पुसून संपवतो, आणि रिकामा वाडगा दिसला की त्यांना वाटतं हिला अजून हवंय. म्हणून पहिल्यापासून हळू खा, वाडग्यात शेवटचा एखादा ज्याओझ बराच वेळ राहू द्या, आणि मध्ये ठेवलेल्या ताटात थोडं उरलं तरी उरू द्या. ताट पुरतं रिकामं झालं की यजमानाला आपण कमी केलं असं वाटतं. पोट भरलं हे एकदा सांगून कुणी ऐकणार नाही, तीनदा सांगायची तयारी ठेवा. चुकून तुमच्या वाडग्यात मांसाचा ज्याओझ आलाच, तर गडबडून जाऊ नका. तो मिस्टरांनाही चालणार नाही, तेव्हा मावशींच्या लेकीकडे वाडगा सरकवून हसत सांगा. तिला आधीच माहीत असेल, ती काढून घेईल.

जावईबापू मिस्टरांना बायज्यू पाजायला बघतील. ही ज्वारीपासून काढलेली जहाल दारू, पुष्कळदा पन्नास टक्क्यांच्या वरची. प्यायची नसेल तर पहिलाच पेला घेऊ नये. पहिला घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. चहाचा पेला उचलला तरी चालतो, फक्त वडीलधाऱ्यांच्या पेल्याला पेला लावताना आपला काठ जरा खाली धरायचा. आणि ज्वारीचा विषय निघालाच आहे, तर सोलापूर जिल्ह्यात त्याच ज्वारीची भाकरी रोज कशी थापतात ते सांगा. मोबाइलवर फोटो दाखवा. अनोळखी घरात गप्पा सुरू व्हायला एवढं पुष्कळ होतं.

सोलापूरचंच आणखी एक नाव मिस्टरांनी जरूर काढावं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जपानशी चाललेल्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांची समाधी त्यांजिनच्या शेजारच्या हबेई प्रांतात, शिजियाझ्वांगला आहे. चीनमध्ये त्यांना के दिहुआ म्हणतात आणि मावशींच्या पिढीला हे नाव शाळेपासून माहीत असतं. आम्ही त्यांच्या जिल्ह्यातले, हे ऐकल्यावर त्या घरात तुमच्याकडे बघण्याची नजर बदलेल.

नेण्याचं म्हणाल तर फळं न्या, चांगली लालबुंद सफरचंदं किंवा संत्री, आणि बरोबर बार्शीहून किंवा भारतातून आलेलं काहीतरी: काजू, चांगला चहा. दोन्ही हातांनी द्या. घड्याळ आणि पांढरी फुलं देत नाहीत, अशुभ मानतात. मावशी आधी नको नको म्हणतील आणि घेतल्यावर पिशवी न उघडता बाजूला ठेवतील. तीच तिथली रीत. लाडू-बर्फी न्यायची असेल तर साखर निम्म्यावर आणा. चिनी घरात गोडाची सगळ्यात मोठी तारीफ म्हणजे ‘फार गोड नाही’.

मंचुरियन या वेळी नको. तुम्ही ते चायनीज म्हणून नेणार आणि त्यांनी ते जन्मात पाहिलेलं नसणार. मंचुरियनचं श्रेय मुंबईतल्या नेल्सन वांग यांना देतात, १९७५ च्या सुमाराचं. तो मुंबईचा पदार्थ आहे, कलकत्त्याहून आलेल्या चिनी हातांनी भारतीय जिभेसाठी केलेला. ही गोष्ट सांगत, मुंबईचा पदार्थ म्हणून, तुमच्या घरी वाढलात तर त्यांना फार मौज वाटेल. सणाच्या दिवशी मात्र टेबल मावशींचं असू द्या.

निघताना त्या तुम्हाला कच्च्या ज्याओझचा डबा देतील, बहुधा गोठवण्यासाठी. घरी आल्यावर ताटात सुटे सुटे मांडून आधी फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. शिजवताना वितळवायचे नाहीत, तसेच उकळत्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा निरोप पाठवा, आणि त्यात कोणता पदार्थ आवडला ते नाव घेऊन लिहा. डबा रिकामा परत द्यायचा नाही हे तुम्हाला सांगायला नकोच.

आणि त्यांना तुमच्याकडे बोलवा. संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास असते, बरा मुहूर्त आहे, तीळ त्यांच्या ओळखीचे आहेत आणि थंडीही तशीच कडक असेल. पनीर, बासुंदी, श्रीखंड टाळा, तिथल्या वयस्क लोकांना दूध बऱ्याचदा पचत नाही. तिखट बेतानं. त्यांजिनमध्ये सकाळी गाडीवर मिळणारं ज्यानबिंग मुगाच्या पिठाचं असतं, म्हणून मुगाची धिरडी करा, मावशी बघताक्षणी ओळखतील. मोड आलेल्या मुगाची उसळ, बटाट्याची सुकी भाजी, साधं वरण, भात. उत्तर चीनच्या बाजारात ज्वारीचं पीठ मिळतं, मावशींनाच विचारा कुठलं घ्यायचं, आणि त्यांच्यासमोर भाकरी थापा. त्यांनाही थापायला द्या. हातानं जेवायचं कसं ते दाखवा, पण चमचे आणि चॉपस्टिक्स टेबलावर ठेवा. पाणी गरमच द्या. आणि जेवण सहाला, आपल्यासारखं नऊला नाही.